टाचणीच्या त्रेसष्ट नोंदी

माझी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात तेवीस वर्षं हत्यारं धुवायची. हत्यारं म्हणजे ऑपरेशनची: कात्र्या, सुऱ्या, चिमटे, जखम उघडी धरून ठेवायचे आकडे. तिथे सगळे त्यांना हत्यारंच म्हणत. मावशीच्या तोंडी तो शब्द शोभायचाही, कारण ती रोज कामाला निघायची ती कुणाशी तरी दोन हात करायला निघाल्यासारखी.

तिची खोली मी प्रत्यक्ष पाहिली ती बऱ्याच वर्षांनी, पण ऐकून ऐकून मला तिचा कानाकोपरा पाठ झाला होता. खोलीला दोन खिडक्या, आणि एकीतूनही आकाश दिसत नसे. डावीकडच्या खिडकीतून थिएटरमधली वापरलेली, रक्ताळलेली हत्यारं आत यायची. उजवीकडच्या खिडकीतून तीच हत्यारं धुऊन, पुसून, मोजून, दुहेरी कापडात बांधून, वाफेच्या मशीनमधून काढून परत वर जायची. मधे स्टीलचं लांब सिंक आणि त्याहून लांब टेबल. प्रत्येक ऑपरेशनचा संच ठरलेला आणि त्याची यादी ठरलेली. मोठ्या संचात बत्तीस नग असत. गाठोडं बांधलं की त्यावर एक चिठ्ठी चिकटवायची: तारीख, वेळ आणि मोजणारीची सही.

मावशीचा हात इतका भराभर चालायचा की बघणाऱ्याला गरगरावं. भांडी आदळावीत तशी ती हत्यारं सिंकमध्ये आदळायची, एका हातानं पुसायची, दुसऱ्यानं मोजायची, आणि तोंडानं कुणाच्या तरी सासूची गोष्ट सांगत असायची. खोलीतल्या बाकीच्या दोघी हातातलं काम थांबवून ती गोष्ट ऐकायच्या. सगळे तिला वावटळ म्हणत. हे कौतुक आहे असं ती चौदा वर्षं समजत होती.

पंधराव्या वर्षी टाचणी आली.

टाचणी हे नाव मावशीनंच ठेवलं, आणि दोन दिवसांत ते सगळ्या तळघराला पाठ झालं. दुसऱ्या इमारतीतून बदली होऊन आलेली, मावशीहून सहा-सात वर्षांनी मोठी, अंगानं बारीक, मान ताठ, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. पहिल्या दिवशी ती तासभर हाताची घडी घालून मावशीचं काम बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "तुम्ही काम करता की भांडण?"

मावशी म्हणाली, "मला दोन्ही येतं. तुम्हाला कुठलं बघायचंय?"

तिथून जे वाजलं ते वाजलंच. आठवड्याभरात टाचणीनं टेबलाच्या बरोबर मधोमध पांढरी चिकटपट्टी लावली. अलीकडे मावशी, पलीकडे ती. एकमेकींशी थेट बोलणं बंद झालं. नळ वाहत राहिला तर टाचणी भिंतीकडे बघून म्हणायची की काही लोकांच्या घरी पाणी फुकट येत असावं. मावशी मशीनकडे बघून म्हणायची की काही लोकांना घरच नसावं, म्हणून ते दुसऱ्याच्या नळावर जगतात. यात भर म्हणजे खोलीच्या मुख्य बाईंची जागा वर्षअखेर रिकामी होणार होती आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या या दोघीच होत्या.

मी तेव्हा कॉलेजसाठी मावशीकडे राहत होते. काका लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. दिवसभर बंद लिफ्टच्या विहिरीत लोंबकळून आलेला तो माणूस घरी आल्यावर शक्यतो तोंड उघडत नसे. त्यामुळे टाचणीच्या नावानं होणारा शिमगा मलाच ऐकावा लागे. तिचा चष्मा, तिची मान, तिचं खोकणं, डबा खाताना प्रत्येक घास मोजून चावणं, सगळं. मला त्या बाईचा न बघताच राग आला होता.

मग तो चिमट्याचा प्रकार झाला. एका सकाळी थिएटरमध्ये ऑपरेशन सुरू झालं आणि संच उघडल्यावर कळलं की रक्तवाहिनी दाबून धरायचा एक चिमटा कमी आहे. यादीत सहा, ट्रेमध्ये पाच. पेशंटला गुंगी दिलेली होती. धावाधाव करून दुसरा संच उघडला. अकरा मिनिटं गेली. माणसाला काही झालं नाही, पण सर्जननं वरपर्यंत तक्रार केली. गाठोड्यावरच्या चिठ्ठीवर सही मावशीची होती.

मोठ्या सिस्टरनी मावशीला बोलावलं. या सिस्टर म्हणजे थिएटर आणि तळघर दोन्हींच्या वरच्या. मावशी शपथ घेऊन सांगू लागली की तिनं मोजलं होतं. तेव्हा टाचणीनं पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. चार महिन्यांत मावशीच्या त्रेसष्ट चुका तिनं तारीख आणि वेळेसकट लिहून ठेवल्या होत्या. सिस्टरनी चार-पाच नोंदी मोठ्यानं वाचल्या, बाकीच्या दोघींसमोर. मग पानांची झेरॉक्स काढून मावशीच्या हातात दिली आणि आठ दिवसांत प्रत्येक नोंदीला लेखी उत्तर द्यायला सांगितलं.

मावशी घरी आली. कागदांचा गठ्ठा तिनं भिंतीवर फेकला. पानं पलंगाखाली गेली, ती मी गोळा केली. ती माठातलं पाणी घटाघटा प्यायली आणि मला म्हणाली की रविवारी कुठे जायचं नाही, तुझं अक्षर चांगलं आहे, आपण उत्तर लिहायचं. प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द लिहायचा: खोटं.

रविवारी सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. काका खिडकीपाशी बूट पुसत होते. मी वाचायला लागले. पहिली नोंद होती: "आठ दहा. आल्याबरोबर वीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवल्या." मावशी म्हणाली, "खोटं." मी लिहिलं. मग ती म्हणाली की थांब, वीस नव्हत्या, दहा-बारा असतील, गर्दीच्या वेळी सही करत बसायला वेळ कुणाला असतो. मी विचारलं की मग काय लिहू. ती म्हणाली पुढचं वाच.

"मोजताना बोलते. सतरापाशी थांबली, गोष्ट संपल्यावर एकोणीसपासून पुढे गेली." मावशी म्हणाली, "पुढचं." पुढचं होतं, कात्र्या मिटलेल्याच धुतल्या, बिजागरीत रक्त राहिलं, मी परत धुतल्या. मावशी एकदम ताठ बसली. मी परत धुतल्या म्हणजे काय, असं तिनं मलाच दरडावून विचारलं. मी शोधून पाहिलं. तशा सात नोंदी होत्या. सात वेळा टाचणीनं, कुणाला न सांगता, मावशीचं काम पुन्हा केलं होतं आणि तेवढं लिहून ठेवलं होतं. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्या तर तिला चाललं असतं. हे चालेना.

दुपारपर्यंत आम्ही त्रेसष्टच्या त्रेसष्ट वाचल्या. ओल्या हातानं कोरडं कापड उचललं. जेवायला जाताना अर्धा भरलेला ट्रे तसाच सोडला, परतल्यावर कुठवर आलो होतो ते आठवेना, अंदाजानं पुढे गेली. कपाटाची किल्ली आज चौथ्यांदा हरवली, चौथ्यांदा तिच्याच खिशात सापडली. मशीनला लाथ मारली. ही शेवटची नोंद मात्र खोटी होती, लाथ नव्हती, गुडघा लागला होता, असं मावशीनं तीनदा सांगितलं. सगळं धरून खोट्या म्हणता येतील अशा नऊच निघाल्या.

काकांनी बुटाचा दुसरा पाय हातात घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "अठरा वर्षांत मीसुद्धा तुझ्याकडे इतकं नीट बघितलेलं नाही."

मावशी उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या दिवशी स्वयंपाक मी केला.

उत्तर तिनं दोन ओळींचं लिहवून घेतलं. नऊ नोंदी खोट्या आहेत, त्यांचे आकडे खाली दिले आहेत. बाकीच्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. सिस्टरनी ते फाइलला लावलं आणि सोबत ताकीदही लावली.

लोकांना वाटतं की माणूस सुधारतो तो उपरती होऊन. माझ्या मावशीला कसलीही उपरती झाली नाही. ती सोमवारी सकाळी केस बांधता बांधता मला म्हणाली, "तिची वही कोरी ठेवते की नाही बघ. पेन घेऊन बसू दे दिवसभर, लिहायला एक अक्षर मिळणार नाही." इतक्या द्वेषानं कुणी चांगल्या सवयी लावून घेतल्याचं मी दुसरं पाहिलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात तिनं सगळंच एकदम बदलायला घेतलं आणि बुधवारपर्यंत तिचा पार गोंधळ उडाला. सह्या आधी करायच्या नाहीत हे लक्षात ठेवावं तर कात्र्या उघडायच्या राहायच्या, कात्र्यांकडे लक्ष द्यावं तर किल्ली हरवायची. आता टाचणी वही लपवत नव्हती. पट्टीच्या पलीकडे, मावशीला वाचता येईल अशी, उघडी ठेवायची. त्या तीन दिवसांत तिथे आठ नव्या नोंदी पडल्या. मावशी घरी येऊन ताटावर बसली आणि उठली. काकांनी तिला विचारलं की एकूण किती गोष्टी बदलतेस. ती म्हणाली सगळ्या. ते म्हणाले, "लिफ्ट बंद पडली की आम्ही एका वेळी एकच तार बदलतो. चार बदलल्या आणि चालू झाली, तरी कुठली खराब होती ते कळत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं एकच धरलं: सही शेवटी. गाठोडं बांधून, चिठ्ठी चिकटवून झाल्याशिवाय पेनला हात लावायचा नाही. त्यासाठी तिनं पेन खिशातून काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उजव्या खिडकीच्या कठड्यावर दोरीनं बांधून टाकलं. गाठोडं घेऊन तिथवर गेल्याशिवाय सही करताच येणार नाही. ही सवय अंगवळणी पडायला पंधरा दिवस लागले. तोवर दुसरं काही बदलायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि त्या पंधरा दिवसांत बाकीच्या चुकांच्या नोंदी दातओठ खाऊन सोसल्या.

त्यातच एके दिवशी तिच्या डोक्यात उजेड पडला. चिमटा हरवलेला संच बांधला गेला त्या वेळी, तारीखवेळ बघता, ती जेवायला गेलेली होती. सही तिची होती, पण सही केलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या टेबलावर पडलेल्या होत्या. ते गाठोडं कुणीही बांधलं असेल. ती तडक पट्टी ओलांडून टाचणीपुढे उभी राहिली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं की तो संच तुम्ही बांधला का.

टाचणी म्हणाली, "नाही. बांधला असता तर लिहिलं असतं."

मावशीनं त्यावर विश्वास ठेवला नाही. बाकीच्या दोघींनी कानांवर हात ठेवले. चिमटा कुणी विसरला ते आजतागायत कळलेलं नाही, आणि कळणारही नाही, कारण चुकीवर नाव आधीच लिहून ठेवलेलं होतं. मावशी हे आम्हाला पुढे कित्येकदा ऐकवायची, घरात बँकेचा कागद आला, सोसायटीचा कागद आला, की लगेच. वाचून संपेपर्यंत पेनचं टोपण उघडू द्यायची नाही.

सहीनंतर तिनं मोजणं धरलं. मोजताना बोलायचं नाही. बोट लावून एकेक नग डावीकडून उजवीकडे सरकवायचा. मधे कुणी हाक मारली तर तळहात वर करायचा, आणि तरीही आकडा निसटला तर सगळे नग परत डावीकडे आणून एकपासून सुरुवात. याची किंमत तिला मोजावी लागली. बाकीच्या दोघी तिच्या गोष्टींवर इतकी वर्षं दिवस ढकलत होत्या. तळहात दोन-चारदा तोंडासमोर आल्यावर त्या दुखावल्या. वावटळीला आता मुख्य व्हायचंय, म्हणून शिष्टपणा चाललाय, असं त्या जिन्यात बोलल्या, आणि मावशीच्या कानावर ते आलं. दुपारचा डबा ती एकटी खाऊ लागली. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टाचणी एकटी खायची. दोघींमध्ये पाच रिकाम्या खुर्च्या.

घरी आम्हा दोघांचे हाल सुरू झाले. किल्ल्या खिळ्यालाच. उद्याची पिशवी आज संध्याकाळी भरायची. एक काम हातात घेतलं की ते संपवायचं, नाहीतर पहिल्यासारखं करून ठेवायचं, अर्धवट सोडायचं नाही. मी एकदा निम्मी भाजी चिरून फोनवर बोलायला उठले. परत आले तर चिरलेली भाजी झाकून आत ठेवलेली, सुरी धुऊन ठेवलेली, पाट जागेवर. मावशी म्हणाली की पुन्हा काढ आणि पुन्हा सुरू कर. आमचं त्यावरून इतकं जुंपलं की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मला टाचणीच बरी वाटायला लागली होती, निदान ती लांब होती.

सहाव्या महिन्यापासून टाचणीच्या वहीतल्या नोंदी विरळ होत गेल्या. दिवसाला दोन-तीनच्या आठवड्याला दोन झाल्या, मग पंधरवड्याला एक. जे उरलं ते क्षुल्लक. टोपीतून केस बाहेर आला. चिठ्ठीवरचा सात एकासारखा दिसतो. मावशी ते वाचायची, टोपी सारखी करायची, सात नीट काढायची, आणि टाचणीकडे बघून हसायची. ते हसणं चांगलं नव्हतं.

मुख्य बाईंच्या जागेसाठीच्या मुलाखतींच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारी टाचणीचे तीन मोठे संच बांधून गाडीवर चढलेले, मशीनमध्ये जायच्या बेतात. मावशी टेबल पुसत होती. पट्टीच्या पलीकडे, ओल्या टॉवेलच्या घडीखाली, तिच्या हाताला काहीतरी लागलं. वाकड्या टोकाची कात्री होती. यादीतली, मोठ्या संचातली. तीन गाठोड्यांपैकी एकात ती नव्हती, आणि तिन्हीवर टाचणीची सही होती.

खोलीत त्या क्षणी दुसरं कुणी नव्हतं. पुढचं मावशीनं मला स्वतः सांगितलं, काही न लपवता. ती कात्री हातात धरून उभी राहिली. खिशात टाकली असती तर गाठोडं वर गेलं असतं, उद्या सकाळी उघडलं असतं, अकरा मिनिटांची धावाधाव पुन्हा झाली असती, आणि दुपारी मुलाखत होती. तिनं कात्री खिशात टाकलीही. मग काढली. पुन्हा टाकली.

मी विचारलं की मग का नाही ठेवलीस. ती म्हणाली, "वर टेबलावर झोपणारं माणूस टाचणीचं कुणी लागत नव्हतं."

टाचणी परत आल्यावर मावशीनं तिन्ही गाठोडी गाडीवरून उतरवून तिच्या पुढ्यात आपटली आणि म्हणाली की मोजा. टाचणीनं सांगितलं की मोजलेली आहेत. मावशीनं स्वतःच पहिलं गाठोडं फोडलं. बोट लावून, मोठ्यानं, एकेक नग सरकवत मोजलं. बत्तीस. दुसरं फोडलं. एकतीस. मग खिशातून कात्री काढून एकतिसाच्या शेजारी ठेवली. तोवर बाकीच्या दोघीही दारात येऊन थांबल्या होत्या.

"आता लिहा," मावशी म्हणाली. "तारीख, वेळ आणि नाव."

तिला वाटलं होतं टाचणी काहीतरी सबब सांगेल, निदान वही बंद करेल. टाचणीनं चष्मा लावला, वही पुढे ओढली आणि लिहिलं. तीन पंचेचाळीस, स्वतःचं पूर्ण नाव, एक कात्री कमी. त्याखाली कारण लिहिलं: मोजताना नजर वावटळीच्या हातांवर होती. मग तिनं वही फिरवून मावशीपुढे सही करायला ठेवली, साक्षीदार म्हणून.

त्या दिवशी मावशीला पटलं की चिमट्याचा संच टाचणीनं बांधलेला नव्हता. बांधला असता तर खरंच लिहिलं असतं. हे पटल्यामुळे तिचा राग कमी झाला असं मात्र नाही. ज्या बाईला खोटारडी म्हणता येत नाही तिचा राग करणं जास्त कष्टाचं असतं, आणि मावशीला कष्टांची सवय होती.

मुलाखतीला टाचणी ती वही घेऊनच गेली. शेवटची नोंदही सिस्टरना दाखवली. जागा तिला मिळाली. तिची नोकरी अकरा वर्षांनी जास्त होती आणि मावशीच्या फाइलमध्ये ताकीद होती. मावशीनं दोन दिवस रजा टाकली, दोन्ही दिवस माळे झाडले, आणि तिसऱ्या दिवशी आठला पाच मिनिटं असताना कामावर हजर झाली.

तिच्या हाताखाली मावशीनं पाच वर्षं काढली. ती वर्षं सुखाची नव्हती. टाचणीनं मुख्य झाल्याबरोबर टेबलावरची पट्टी काढून टाकली, त्यामुळे आता ती कुठूनही, केव्हाही पाठीमागे येऊन उभी राहायची. मावशी तिला नमस्कार करत नसे, ती मावशीला सुट्टी हसून देत नसे. एकदा कापडाची घडी उजवीकडून की डावीकडून यावरून दोघींचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. पण त्या पाच वर्षांत त्या खोलीतून एकही अपुरा संच वर गेला नाही, आणि हे त्या सर्जननंही, ज्यानं तक्रार केली होती, एका बैठकीत सांगितलं. टाचणी निवृत्त झाली तेव्हा वरच्या हॉलमध्ये निरोप समारंभ होता. मावशी गेली नाही. आज गाठोडी जास्त आहेत असं तिनं कळवलं.

मग मावशी मुख्य झाली. खोलीत नव्या मुली आल्या होत्या. सिस्टरनी तिला सांगितलं की कामाचे नियम लिहून भिंतीवर लावा. तोवर मी नोकरीला लागले होते, पण अक्षर अजून माझंच चांगलं, म्हणून तिनं मला एका शनिवारी बोलावून घेतलं. तीच माझी त्या खोलीतली पहिली खेप. तिनं बारा नियम सांगितले, मी मोठ्या अक्षरात लिहिले. सही शेवटी. कात्री उघडून धुवा. अर्धा ट्रे सोडू नका. एका वेळी एकच सवय बदला. कागद भिंतीवर चिकटवून आम्ही मागे होऊन बघत होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला की हे कुणाचं आहे.

पेन्शनच्या कसल्यातरी दाखल्यासाठी टाचणी हॉस्पिटलात आली होती. मी तिला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मावशीनं केलेलं वर्णन तंतोतंत होतं, फक्त केस सगळे पांढरे.

"खोलीचं," मावशी म्हणाली.

"यातल्या अकरा चुका मी पकडलेल्या आहेत. खाली माझं नाव पाहिजे."

"पकडल्या तुम्ही. सोडल्या मी. नाव कुणाचंच लागणार नाही."

टाचणीनं चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. चौथ्या नियमावर थांबली. तिथे मी लिहिलं होतं: मोजताना आकडा चुकला तर त्याच व्यक्तीनं पुन्हा एकपासून मोजावं. ती म्हणाली की हे चूक आहे. जो डोळा एकदा चुकला तो दुसऱ्यांदाही तिथेच चुकतो. दुसऱ्यानं मोजलं पाहिजे. मावशी म्हणाली की माणसं कमी आहेत, दर वेळी दुसरं कुठून आणायचं. तिथून अर्धा तास दोघी भांडल्या. कोणत्या वर्षी कोणत्या संचात काय झालं ते दोघींनाही तारखांसकट पाठ होतं. नव्या मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. शेवटी टाचणी जायला वळली आणि जाता जाता म्हणाली, "आणि मैत्रिणीला मोजायला देऊ नका. ती मान डोलावते. जिचं तुमच्याशी पटत नाही तिला द्या."

ती लिफ्टमध्ये शिरल्यावर मावशी मला म्हणाली की कागद उतरव, चौथा नियम बदल, खाडाखोड नको, नवा कागद घे. मी सगळे बारा पुन्हा लिहिले. दुसऱ्यांदा मोजणारी व्यक्ती वेगळी असावी. मावशीनं वाचून पाहिलं आणि "आणि न पटणारी" एवढे शब्द मधे घालायला लावले.

घरी जाताना सबंध रस्ताभर ती टाचणीला बोलत होती. ती चौकशी करायला आली होती की हुकूम सोडायला, पेन्शन खाऊनही जीव तळघरातच अडकलाय, चष्म्याची दोरी तरी बदलायची. भाजीवाल्याशीही तिनं एका किडक्या वांग्यावरून उगाच वाद घातला. जिना चढताना मी विचारलं की मावशी, पण चौथ्या नियमाचं तिचं बरोबर होतं ना.

"बरोबर होतं," ती म्हणाली. "म्हणून तर डोकं फिरलंय." आणि किल्ली काढून तिनं दार उघडलं.